अनुदान आले, वाटणी कोणी केली?

(बालाघाट येथे मराठी भाषिक नागरिकांच्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमेवरच्या गावात सभा भरली आणि आम्ही बोलावयास उभे राहिलो, म्हणजे विषय कोणता असणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. नकाशा, भाषा, शाळा आणि पाट्या! हे विषय आमच्या जिव्हाळ्याचे आहेत आणि ते आम्ही सोडणारही नाही. परंतु आज आम्ही एका रुक्ष विषयावर बोलावयाचे ठरविले आहे. दिल्लीहून शहरासाठी निघालेला पैसा बालाघाटच्या गटारापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत त्याची वाटणी कोण करतो, हा तो विषय. विषय रुक्ष आहे खरा. पण ज्याच्या घरात पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरते त्याला तो मुळीच रुक्ष वाटणार नाही.

प्रथम थोडे मागे पाहू. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे मुलूख तोडून बनविण्यात आला. मध्य प्रांताच्या काळात तो नागपूर विभागात होता. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि बालाघाट ही एका विभागाची पाच भावंडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, चार भावंडे मुंबई राज्यात गेली आणि पाचवे मध्य प्रदेशात राहिले. राजधानीही नागपूरहून भोपाळला गेली. त्या दिवसापासून येथील माणसाला आपला कागद कोठे अडला आहे हे पाहण्यासाठी दूरचा पल्ला गाठावा लागू लागला. गोंदिया येथून आगगाडीने सुमारे ४० किलोमीटर. पण गोंदियाचा कागद एका राजधानीत आणि बालाघाटचा दुसऱ्या राजधानीत! या अंतराची खंत आम्ही अनेकदा बोलून दाखविली आहे. आज आम्हांला दाखवावयाचे आहे ते निराळेच. पैशाचा निर्णय भोपाळात किंवा दिल्लीत जेवढा होतो त्याहून अधिक तो येथेच, आपल्या नगरपालिकेच्या सभागृहात होतो. अंतराची सबब तेथे चालत नाही. तेथे आपण का नसतो, हा आजचा प्रश्न आहे.

नगरपालिका पूर्वी आपल्या पायावर उभी होती. गावात येणाऱ्या मालावर ती जकात घेई. येथील बोलीत तिला चुंगी म्हणत. नाक्यावर गाडी थांबे, कारकून पावती फाडी, व्यापारी कुरकुर करी, आणि त्या कुरकुरीतून गावाचे दिवे लागत. १९७६ साली मध्य प्रदेशाने ही चुंगी उठविली. तिच्या जागी राज्याने प्रवेशकर बसविला आणि पालिकांना भरपाई देण्याची व्यवस्था केली. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, त्यात तो प्रवेशकरही विरून गेला. नाके गेले, वाहतुकीची कटकट गेली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली. जो आपल्या खिशातून चार आणे देतो तो त्या चार आण्यांचा हिशेब मागतो. भरपाई आणि अनुदान वरून येऊ लागले, आणि हिशेब मागण्याची सवय खालून जाऊ लागली. वरून आलेला पैसा कोणाचाच नसतो, अशी एक विचित्र समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. वस्तुतः तो पैसा आपलाच असतो. काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण दिलेला कर दिल्लीस जातो आणि त्याचाच एक अंश फिरून आपल्या दारी येतो. दिल्ली दान करीत नाही. ती आपलेच आपल्याला परत देते.

हे परत देणे घटनेने बांधून दिलेले आहे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ साली संमत झाली आणि १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकेला घटनेत स्थान दिले. बाराव्या परिशिष्टात पाणीपुरवठ्यापासून झोपडपट्टीसुधारापर्यंत अठरा कामांची यादी घातली. आणि राज्याच्या वित्त आयोगाबरोबरच केंद्राच्या वित्त आयोगानेही स्थानिक संस्थांचा विचार करावा, अशी तजवीज केली. दहाव्या वित्त आयोगाने १९९५ ते २००० या काळासाठी प्रथमच नगरपालिकांकरिता १,००० कोटी रुपये सुचविले. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी ८७,१४४ कोटी सुचविले. पंधराव्याने २०२१ ते २०२६ या काळासाठी शहरी संस्थांना १,२१,०५५ कोटी सुचविले. त्यांतील ८२,८५९ कोटी दहा लाखांपेक्षा लहान शहरांसाठी होते. बालाघाट या दुसऱ्या वर्गातले. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनच्या पाच वर्षांचा आहे आणि त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रपतींना सादर झाला. आयोग बदलतील, आकडे बदलतील. पण पैशाची वाट कशी असते हे पंधराव्या आयोगाच्या उदाहरणावरून नीट समजते, म्हणून तेच घेऊ.

या पैशाची वाटणी राज्या-राज्यांत ९० टक्के लोकसंख्येवर आणि १० टक्के क्षेत्रफळावर झाली. राज्याच्या आत शहरा-शहरांत ती राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीने व्हावी, आणि तशी शिफारस नसेल तर पुन्हा त्याच ९० आणि १० च्या प्रमाणात व्हावी, असे ठरले. म्हणजे माणसे मोजणे हाच वाटणीचा पाया. आणि माणसे मोजली होती केव्हा? २०११ साली. त्या गणनेत बालाघाट शहराची लोकसंख्या सुमारे ८४ हजार होती. त्यानंतर जी वस्ती वाढली, खेड्यातून जी कुटुंबे शहराच्या कडेला येऊन टेकली, ती पाणी पितात, कचरा टाकतात, पोरे शाळेत धाडतात. पण वाटणीच्या कागदावर ती जन्मलेलीच नाहीत. २०२१ ची गणना झाली नाही. पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरविण्यात आला. मंडळी, सीमेवरच्या माणसाला जनगणनेत मातृभाषेचा रकाना महत्त्वाचा वाटतो, आणि तो आहेच. पण त्याच्या वरचा रकाना, घरात माणसे किती, हाही तितकाच महत्त्वाचा आहे. एका रकान्याने आपली भाषा मोजली जाते, दुसऱ्याने आपले पाणी. गणनेच्या दिवशी दार लावून घेणारा माणूस आपल्या शेजाऱ्याचे गटार दहा वर्षांसाठी बुजवितो, हे ध्यानात ठेवा.

आता हा पैसा नगरपालिकेत आला असे समजू. शंभर रुपये आले. त्यांतले तीस रुपये स्वच्छता आणि कचऱ्याच्या कामाला बांधलेले होते. तीस रुपये पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांना बांधलेले होते. उरलेले चाळीस मोकळे. पण त्यांतूनही नोकरांचा पगार अथवा कचेरीचा खर्च करावयाचा नाही, अशी अट होती. शिवाय दोन अटी दारातच उभ्या होत्या. पालिकेने आपले हिशेब लोकांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत, आणि राज्याने मालमत्ताकराचा किमान दर ठरवून द्यावा. एरवी पैसा नाही. काही पार्षदांना, ज्यांना सीमेपलीकडे नगरसेवक म्हणतात, हे जाचक वाटते. “आमच्या गावाची गरज दिल्लीला काय कळते?” असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्या गावात पाणी मुबलक आहे आणि दवाखान्याचा रस्ता मोडलेला आहे, तेथे पाण्यासाठी बांधलेले तीस रुपये अडचणीचे ठरू शकतात. परंतु दुसरी बाजूही पाहा. जे काम जमिनीखाली होते त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही. गटाराच्या नळावर कोणाचे नाव कोरता येत नाही. बंधन नसते तर शंभरच्या शंभर रुपये चौकाच्या सुशोभनात गेले नसते, याची हमी कोण देईल?

आणि गटार ही गोष्ट केवळ आपल्या गावाची नाही. वैनगंगा आपल्या काठावरून दक्षिणेस उतरते आणि पुढे भंडारा जिल्ह्यात शिरते. आपण नदीत जे सोडू ते खालच्या गावांच्या घागरीत जाईल. राज्यांची सीमा माणसांनी आखली. नदीने ती कधी मानली नाही. सीमेपलीकडच्या आपल्या बांधवांची आठवण आपण सभेत काढतो. त्या बंधुत्वाची साधी कसोटी हीच, की आपले सांडपाणी आपण शुद्ध करून सोडतो की तसेच.

आता खरा प्रश्न. मोकळे असलेले चाळीस रुपये आणि बांधलेल्या साठ रुपयांतील कामांची जागा, हे कोण ठरवितो? कायद्याने हा अधिकार नगरपालिका परिषदेचा. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१ चा आहे. त्याप्रमाणे परिषद, अध्यक्ष, अध्यक्षांचे मंडळ आणि मुख्य नगरपालिका अधिकारी अशी रचना आहे. काम सुचविले जाते, अभियंता अंदाजपत्रक करतो, मंडळापुढे किंवा परिषदेपुढे ते येते, ठराव होतो, निविदा निघते, काम होते, मोजपुस्तिकेत माप चढते आणि ठेकेदाराचे देयक निघते. या साखळीत आठ कड्या आहेत. नागरिक कोठे दिसतो? पहिल्या कडीत, तोही हातात अर्ज घेऊन. आणि शेवटच्या कडीनंतर, तोही फुटलेल्या रस्त्याकडे पाहत. मधल्या कड्यांत तो नाही. वार्डसमित्यांची सक्ती घटनेने केली ती तीन लाखांवरील शहरांना. बालाघाटसारख्या ३३ वार्डांच्या लहान शहराला ती सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून मनाई आहे, असे थोडेच आहे?

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही ज्या गल्लीत राहतो ती गल्ली सीमेवरच्या कोणत्या गावी आहे हे सांगण्याचे कारण नाही. सीमेवरचे प्रत्येक गाव तेच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीचा रस्ता खराब झाला. आम्ही सुशिक्षित माणसे. आम्ही सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, चाळीस सह्या घेतल्या, पालिकेतल्या ओळखीच्या माणसाच्या हाती तो दिला. तीन महिन्यांत काँक्रीटचा रस्ता झाला. जुना थर खणून काढण्याची तसदी कोणी घेतली नाही. जुन्या रस्त्यावर नवा रस्ता चढला आणि गल्ली वीतभर उंच झाली. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. पुढच्या जुलैत पाऊस आला. आमच्या गल्लीत पाणी साचले नाही. ते उतारावरून खालच्या गल्लीत गेले. तेथे मजुरांची, विड्या वळणाऱ्या बायांची, धुणीभांडी करणाऱ्यांची घरे आहेत. उंबऱ्यावरून पाणी आत गेले. एका बाईने वर्षाचे तांदूळ कणगीत भरले होते. ते खालून कुजले. ती आमच्याच घरी भांडी घासावयास येत असे. दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. आम्ही उशिराचे कारण विचारले. ती म्हणाली, “तुमचा रस्ता माह्या घरात आला, दादा.”

आम्ही गप्प झालो. चोरी कोणी केली नव्हती. निविदा नियमाप्रमाणे होती, काँक्रीट बरे होते, हिशेब जुळत होता. लेखापरीक्षकाने दहा वेळा तपासले असते तरी त्याला त्यात दोष सापडला नसता. दोष एवढाच, की आमच्या अर्जावर चाळीस सह्या होत्या आणि खालच्या गल्लीत सही करणारी चार माणसे नव्हती. पैसा गरजेकडे गेला नाही. तो अर्जाकडे गेला. आणि तो अर्ज आम्ही लिहिला होता.

भ्रष्टाचारावर बोलणे सोपे असते, कारण तो नेहमी दुसऱ्याने केलेला असतो. आम्ही आज ज्या दोषाविषयी बोलतो आहोत तो आपला स्वतःचा आहे. आपण पालिकेत जातो तो आपल्या गल्लीसाठी. आपला पार्षद भांडतो तो आपल्या वार्डासाठी. मग तडजोड म्हणून ठरते, की सर्व वार्डांना सारखे द्या! वरवर पाहता किती न्याय्य! पण ज्या वार्डात सर्व काही आहे त्यालाही एक वाटा आणि ज्या वार्डात काहीच नाही त्यालाही एक वाटा, हा न्याय नव्हे. घरात एक मूल आजारी असता औषधाच्या पैशाचे चार पोरांत चार सारखे भाग करणारी आई आम्ही अद्याप पाहिली नाही.

या जिल्ह्याने वाटणीच्या निरनिराळ्या तऱ्हा पाहिल्या आहेत. त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २००६-०७ साली केंद्राने मागास प्रदेश अनुदान निधी सुरू केला. देशातल्या २५० जिल्ह्यांत बालाघाट होता. त्या निधीची अट अशी होती, की आराखडा गावापासून आणि नगरपालिकेपासून वर यावा आणि जिल्हा नियोजन समितीने तो एकत्र करावा. घटनेप्रमाणे या समितीचे पाच भागांतले चार भाग सभासद पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातून निवडलेले असतात. कल्पना उत्तम होती. २०१५ मध्ये केंद्राने त्या निधीतून हात काढून घेतला. दरम्यान २०१०-११ साली नक्षलग्रस्त आणि आदिवासी अशा ६० जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा आला. बालाघाट त्यातही होता. पहिल्या वर्षी जिल्ह्यास २५ कोटी आणि दुसऱ्या वर्षी ३० कोटी. निर्णय तिघांच्या समितीचा : जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी. कामे झपाट्याने मंजूर व्हावीत, हा हेतू होता. परंतु त्या टेबलाभोवती लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. एका निधीत लोक होते पण गती मंद. दुसऱ्यात गती होती पण लोक नव्हते. गती आणि लोक दोन्ही एका टेबलाभोवती बसविणे, हे काम अजून आपल्या हातून व्हावयाचे आहे.

तिसरी थैली खाणींची. भरवेली, उकवा, तिरोडी येथील मँगनीज आणि मलाजखंड येथील तांबे यांनी या जिल्ह्याचे नाव देशात नेले. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरले. जुन्या पट्ट्यांच्या खाणींनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्या खाणींनी १० टक्के इतकी रक्कम त्यात भरावयाची. त्या वर्षीच्या मूळ नियमांप्रमाणे त्यांतला निदान ६० टक्के भाग पाणी, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता यांसारख्या कामांवर जावयाचा. हा पैसा नगरपालिकेचा नव्हे, शहराच्या शोभेचा तर नव्हेच. तो ज्यांच्या विहिरी खाणीने आटविल्या, ज्यांच्या छातीत धूळ साचली, त्यांचा आहे. शहरवासीयांनी त्यावर डोळा ठेवू नये, उलट तो बाधित गावांना मिळतो की नाही यावर लक्ष ठेवावे. खालच्या गल्लीचा जो न्याय शहरात, तोच जिल्ह्यात.

आता जगाकडे थोडे पाहू. अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला आणि शहरांना द्यावयाच्या अनेक सुट्या अनुदानांचे एक ठोक अनुदान करण्यात आले. समुदाय विकासाचे अनुदान, असे त्याचे नाव. मोठ्या शहरी विभागातील निदान ५० हजार वस्तीच्या शहराला त्याचा थेट वाटा मिळतो, म्हणजे बालाघाटएवढे शहर तेथे हक्काने त्यात बसते. वाटणीच्या सूत्रात केवळ लोकसंख्या नाही. दारिद्र्य, दाटीवाटीची घरे, जुनी घरे यांचाही हिशेब आहे. शहराने पैसा कोठे खर्चावा हे वॉशिंग्टन सांगत नाही. पण दोन गोष्टी ते सोडीत नाही. एक, किमान ७० टक्के खर्चाचा लाभ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना झाला पाहिजे. दुसरी, वर्षातून निदान दोन जाहीर सुनावण्या झाल्या पाहिजेत, जेथे कोणीही नागरिक उठून बोलू शकेल. कचेरीच्या खर्चाला २० टक्क्यांची आणि सामाजिक सेवांना १५ टक्क्यांची मर्यादा आहे.

तेथे सर्व सोन्याचे आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथेही वस्त्या भांडतात, तेथेही पैसा मोठ्या पेठेकडे ओढला जातो. आणि समुदाय विकास हा शब्द आपल्याला नवा नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी आपल्याच देशात ५५ प्रकल्पांनिशी त्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. तो लोकांचा न होता कचेरीचा झाला, म्हणून १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने सत्ता खाली, लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे द्यावी असे सांगितले. म्हणजे रोग आपण ओळखला होता, औषधही लिहून घेतले होते. ते घ्यावयाचे तेवढे राहिले. अमेरिकेच्या कायद्यातून घ्यावयाचे असेल तर एवढेच घ्यावे, की तेथे पैसा वाटण्यापूर्वी लोकांना विचारणे ही मेहरबानी नसून पैशाची अट आहे.

मग आम्हांला काय हवे? आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना भोपाळची परवानगी लागत नाही.

पहिली मागणी. मार्चअखेर अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी नगरपालिकेने जाहीर सभा घ्यावी. अनुदान किती, बांधलेले किती, मोकळे किती आणि त्यातून कोणती कामे योजिली आहेत, हे तेथे मोठ्याने वाचून दाखवावे. फळ्यावर लावणे पुरेसे नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कान आहेत.

दुसरी. कामांची यादी वार्डवार करण्यापूर्वी गरजवार करावी. पाणी कोठे तुंबते, नळ कोठे पोहोचला नाही, शौचालयाचा मैला कोठे जातो, याचा नकाशा एका पावसाळ्यात तयार होऊ शकतो. त्यासाठी परदेशी तज्ज्ञ नको. खालच्या गल्लीतली ती बाई गमबूट न घालता तो नकाशा काढून देईल.

तिसरी. कोणताही रस्ता करताना त्याची पातळी शेजारच्या उंबऱ्याखाली राहील आणि जुना थर खणून काढला जाईल, हे अंदाजपत्रकातच लिहावे. ही मागणी लहान वाटेल. आमच्या मते ती सर्वांत मोठी आहे.

चौथी. प्रत्येक कामावर फलक असावा : काम कोणते, पैसा कोणत्या अनुदानाचा, रक्कम किती, ठेकेदार कोण, मुदत काय. माहितीचा अधिकार २००५ सालचा आहे आणि त्याचे चौथे कलम, कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे सांगते. फलक हिंदीत असावा आणि मराठीतही असावा. ज्याचा पैसा त्याला कळेल त्या भाषेत हिशेब, हे तत्त्व आम्हांला कोणत्याही सीमावादाहून जुने वाटते. आणि सभेत ज्याला पोवारीत बोलावयाचे त्याने पोवारीत बोलावे, ज्याला गोंडीत बोलावयाचे त्याने गोंडीत. आमच्या भाषेला मान हवा असे म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याच्या बोलीला प्रथम मान दिला पाहिजे.

पाचवी मागणी नगरपालिकेकडे नाही. ती तुमच्याकडे आणि आमच्याकडे आहे. मालमत्ताकर वेळेवर भरा. जो गावाला चार पैसे देत नाही त्याला चाळीस रुपयांचा हिशेब विचारण्याचे तोंड राहत नाही. आणि पुढच्या वेळी पालिकेत अर्ज घेऊन जाल तेव्हा एक गोष्ट करा. आपल्या गल्लीच्या खाली कोणती गल्ली आहे हे पाहा, तेथल्या चार माणसांना बरोबर घ्या, आणि त्यांचा अर्ज वर ठेवून आपला खाली ठेवा.

हे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. कोणी म्हणेल, आपण येथे थोडे, आपले कोण ऐकणार? बंधूंनो, थोडे असणे हा आजवर आपण आपल्या गाऱ्हाण्याचा आधार केला. तो आपल्या आळसाचा आधार होऊ देऊ नका. पालिकेच्या सभेत हिशेब विचारावयास बहुमत लागत नाही. एक माणूस पुरतो, पण त्याने तयारी करून यावे लागते आणि दर वर्षी यावे लागते. २०१५ साली शंभर शहरांना हुशार शहरे करण्याची मोहीम निघाली, तिच्यात बालाघाटचे नाव नव्हते. त्याचे आम्हांला फारसे दुःख नाही. शहर हुशार होते ते दिव्यांनी नव्हे. आपल्या पैशाची वाटणी कशी होते हे ज्या शहरातल्या मोलकरणीला ठाऊक आहे, ते शहर हुशार.

त्या बाईच्या तांदळाची भरपाई आम्ही नंतर केली. तिने ती घेतली, पण फार आनंदाने घेतली नाही. तिला तांदूळ नको होते. तिला आपला उंबरा कोरडा हवा होता. येत्या मार्चमध्ये नगरपालिकेच्या दारी आम्ही पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहोत. त्यावर पहिला अंगठा तिचा असेल आणि आमची सही त्याच्या खाली असेल. तुमच्यापैकी ज्यांना आमच्याबरोबर यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आपले नाव द्यावे आणि आपल्या खालच्या गल्लीचेही द्यावे.